रोटर ब्लेडचं संगणकावरचं मॉडेल: सुरुवात बीमपासून करावी की थेट थ्रीडीपासून?

कलाभवन_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. बडोद्यात आम्ही काही जण मिळून हॉवर टेस्ट स्टँडसाठी (रोटर जागच्या जागी फिरवून मोजायची चौकट) दोन ब्लेडचा रोटर करतोय. ब्लेड मकरपुरा जीआयडीसीत मोल्डमध्ये हातानं ले-अप करून घ्यायचं आहे. आकडे असे: त्रिज्या १.२ मीटर, कॉर्ड (ब्लेडची रुंदी) ९० मिमी, प्रोफाइल नाका (NACA) ००१२, म्हणजे वरखाली सारखा आणि जाडी कॉर्डच्या बारा टक्के, ट्विस्ट नाही, ९०० आरपीएम. हब रिजिड, ब्लेड मध्यापासून ०.१५ मीटरवर घट्ट पकडलेलं. वजन साधारण ०.७५ किलो प्रति मीटर. काच-इपॉक्सीचा डी-स्पार (पुढच्या बाजूचा डी आकाराचा मुख्य कणा), मागे फोम, वरून धागे ±४५ अंशांत असलेली स्किन. थ्रस्ट २७ किलोच्या आसपास हवा.

गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, पूर्ण ब्लेड सॉलिड एलिमेंटमध्ये (थ्रीडी ठोकळ्यांत) आणि हवा ओपनफोममध्ये (हवेचा प्रवाह सोडवणारं सॉफ्टवेअर), बाकी सगळा वेळेचा अपव्यय. दुसरा म्हणतो, ब्लेड एलिमेंट मोमेंटम थिअरी (बीईएमटी: चकतीची गोल कडी पाडून प्रत्येकाचा थ्रस्ट काढणं) आणि बीम (ब्लेड म्हणजे एक लवचिक दांडी) एवढ्यावर भागतं. मोल्ड कापायला द्यायच्या आधी कोणत्या मॉडेलवर किती विसंबावं?

विश्वामित्री_काठ

बीम आणि बीईएमटी आधी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एवढं काढा.

९०० आरपीएम म्हणजे ९४.२५ रेडियन प्रति सेकंद, त्याचा वर्ग ८८८३. टिपचा वेग ११३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे माख ०.३३. सॉलिडिटी, म्हणजे चकतीच्या क्षेत्रफळात ब्लेडचा वाटा, ०.०४८. २७ किलोला थ्रस्ट कोएफिशिएंट (थ्रस्ट भागिले हवेची घनता, चकतीचं क्षेत्रफळ आणि टिपच्या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार) ०.००३७ येतो, आणि तो भागिले सॉलिडिटी ०.०८. प्रोफाइल झेपेल, स्टॉलपासून लांब आहात.

आता मुळाशी येणारा सेंट्रिफ्युगल ताण: ०.७५ गुणिले ८८८३ गुणिले (१.४४ वजा ०.०२२५) भागिले २. साधारण ४७०० न्यूटन, म्हणजे ४८० किलो. एका ब्लेडचा थ्रस्ट मात्र १३२ न्यूटन. पस्तीसपट फरक. हे ब्लेड पंखापेक्षा ताणलेल्या दोरीच्या जास्त जवळचं आहे. ज्या मॉडेलमध्ये हा ताण नीट बसलेला नाही, ते सॉलिड एलिमेंटचं असो की बीमचं, उपयोगाचं नाही.

सूरसागर_संध्या

स्ट्रक्चरचं पटलं. पण बीईएमटीवर एवढा भरवसा ठेवू नका, काठकाका. सगळ्यांना माहीत असलेली केस घेऊ: कॅरॅडोना आणि तुंग यांची १९८१ ची नासाची चाचणी. दोन ब्लेड, नाका ००१२, ट्विस्ट नाही, टेपर नाही, त्रिज्या १.१४३ मीटर, कॉर्ड ०.१९०५ मीटर. ८ अंश कलेक्टिव्ह (दोन्ही ब्लेडचा सारखा कोन, म्हणजे पीच), १२५० आरपीएम, टिप माख ०.४३९. मोजलेला थ्रस्ट कोएफिशिएंट ०.००४५९, म्हणजे प्रमाण हवेत साधारण ५१६ न्यूटन.

लिफ्ट-कर्व्ह स्लोप (कोन वाढला की लिफ्ट किती वाढते तो दर) ५.७ धरून साधं बीईएमटी चालवा. टिप लॉसशिवाय ०.००६ च्या किंचित वर उत्तर येतं. प्रांटलचा टिप लॉस (टोकाशी लिफ्ट गळते त्याची दुरुस्ती) घातला की ०.००५५ ते ०.००५६. म्हणजे दुरुस्ती करूनही वीस टक्के जास्त.

कारण सरळ आहे. बीईएमटी प्रत्येक कडं स्वतंत्र धरते. प्रत्यक्षात पुढच्या ब्लेडच्या टिपचा व्हॉर्टेक्स (हवेचा भोवरा) आत सरकत खाली उतरतो आणि मागून येणाऱ्या ब्लेडच्या पोटाखालून, टिपपासून थोडं आत, अगदी जवळून जातो. त्याच्या आतल्या बाजूला खालचा झोत वाढतो, बाहेरच्या बाजूला कमी होतो. लोडिंगचा आकारच बदलतो, आणि हे कड्यांच्या हिशोबात कुठेच नाही.

राजवाडा_इंदूर

आकडे बरोबर आहेत, पण ती केस बीईएमटीसाठी मुद्दाम कठीण आहे. तिथे त्रिज्या कॉर्डच्या सहापट, सॉलिडिटी ०.१०६. बडोदेकरांचं ब्लेड कॉर्डच्या तेरापट लांब, सॉलिडिटी निम्म्याहून कमी. टिपचा परिणाम त्रिज्येच्या लहान भागात राहील. चूक वीस टक्के येणार नाही, पण शून्यही होणार नाही.

मधला मार्ग आहे: फ्री वेक किंवा व्हॉर्टेक्स पार्टिकल, म्हणजे मागे सुटलेले भोवरे मोकळे वाहू देणारी मॉडेल. मिलानच्या पॉलिटेक्निकचं डस्ट (DUST) सॉफ्टवेअर मोफत आहे, लिफ्टिंग लाइन (ब्लेडऐवजी एक रेघ) घेऊन साध्या डेस्कटॉपवर चालतं. आधी कॅरॅडोना-तुंग, ते जुळलं की स्वतःचा रोटर.

दोन खड्डे इथेच सांगतो. पहिला, थ्रस्ट कोएफिशिएंटच्या व्याख्येत काही जण छेदात अर्धा धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळे निकाल बरोबर दुप्पट किंवा निम्मा दिसतो. दुसरा, प्रेशर कोएफिशिएंट. त्या चाचणीत तो त्या-त्या त्रिज्येवरच्या स्थानिक वेगानं भागलेला आहे. टिपच्या वेगानं भागलात तर ५० टक्के त्रिज्येवरचा वक्र चौपट चपटा दिसेल आणि तुम्ही मेशला दोष देत बसाल.

अल्कापुरी_अमेय

आणि एक्सफॉइलचे (प्रोफाइल तपासायचं सॉफ्टवेअर) पोलर, म्हणजे लिफ्ट-ड्रॅगचे तक्ते, कुठल्या रेनॉल्ड्सला (वेग आणि कॉर्डवरून येणारा प्रवाहाचा आकडा) काढायचे? ३० लाखांचे तयार मिळतात.

राजवाडा_इंदूर

ते वापरू नका. ७५ टक्के त्रिज्येवर वेग ८५ मीटर प्रति सेकंद, कॉर्ड ०.०९, म्हणजे रेनॉल्ड्स पाच लाखांच्या आसपास. मुळाकडे एक-दीड लाख. एक, दोन, तीन, पाच, सात लाख असे संच काढा आणि प्रत्येक स्टेशनला मधलं मूल्य घ्या. थ्रस्टमध्ये फारसा फरक पडणार नाही, टॉर्कमध्ये पडेल. मोटर टॉर्कवरून निवडणार ना?

खंडेराव_मार्केट

सगळा धागा आकड्यांत बुडालाय. मोल्डवाल्याकडे जाताना सेव-उसळ खाऊन जा, तिथे परत सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार आहे. 🙂

मांडवी_मेश

मी थ्रीडी एफईएमच्या (फायनाइट एलिमेंट मॉडेलच्या) बाजूची. सेक्शनचे गुणधर्म म्हणजे ईआय (वाकण्याला विरोध), जीजे (पिळाला विरोध), सीजी (गुरुत्वमध्य) आणि शिअर सेंटर (जिथे बळ दिलं तर पीळ पडत नाही तो बिंदू) हे बीम मॉडेल स्वतः काढत नाही, बाहेरून मागतं. ते काढायला सेक्शन नीट मॉडेल करावाच लागतो. शेलमध्ये (पातळ पृष्ठाच्या एलिमेंटमध्ये) करणार असाल तर जिथे हमखास घोळ होतो त्या जागा सांगते.

एक. कॅडमधून बाहेरचा पृष्ठभाग येतो आणि लोक त्यालाच शेलचा मध्यपृष्ठ धरतात. तुमची जाडी १०.८ मिमी, भिंत समजा १.२ मिमी. बाहेरचा पृष्ठ धरला तर थर मध्यापासून ५.४ मिमीवर जातो, खरा असतो ४.८ वर. वर्गाचं गुणोत्तर १.२७. म्हणजे फ्लॅपचा (वरखाली वाकण्याचा) ईआय सत्तावीस टक्के फुगला, आणि मेश कितीही बारीक केला तरी तो कमी होणार नाही. ऑफसेट द्यायचा, एवढंच.

दोन. ट्रेलिंग एजला वरची आणि खालची स्किन नोडला नोड जोडली आहे का ते पाहा. मर्ज राहून गेलं तर मागचा कप्पा उघडा राहतो आणि त्याचा पिळाला होणारा विरोध जवळजवळ संपतो. बेंडिंगच्या फ्रिक्वेन्सी मात्र अगदी बरोबर दिसतात, म्हणून संशयही येत नाही. टिपला एक न्यूटन-मीटरचा पीळ देऊन कोन मोजा आणि बंद सेलच्या सूत्रानं हातानं ताडून पाहा.

तीन, आणि हे सर्वांत वाईट. शेलचे नॉर्मल (पृष्ठाला लंब दिशा). वरच्या स्किनचे बाहेर आणि खालच्या स्किनचे आत असले तर तुम्ही दिलेला +४५ खाली −४५ होतो. ±४५ ची विणलेली कापडाची स्किन असेल तर काही बिघडत नाही. पण एकेरी थर असतील आणि कोन सेक्शनभोवती एकाच दिशेनं फिरत असतील तर ताण आणि पीळ जोडले जातात. वरखाली आरशासारखे असतील तर बेंडिंग आणि पीळ. ४७०० न्यूटन ताणाखाली पहिल्या प्रकारचं ब्लेड आरपीएम वाढेल तसं आपोआप पीच बदलेल. मॉडेलमध्ये ते चुकून आलं तर तुम्ही नसलेला दोष शोधत राहाल; ले-अपमध्ये चुकून आलं तर असलेला दोष मॉडेलमध्ये दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक थराची दिशा चित्रात काढून, बाण पाहून, मगच रन द्या.

दांडियाबाजार_रेझिन

मांडवीताईंचं सगळं मान्य. पण मॉडेलमध्ये भरलेलं मटेरियल आणि मोल्डमधून निघालेलं मटेरियल एक नसतं, तेही लिहायला हवं.

यूडी (सगळे धागे एकाच दिशेत) काचेचा ई (ताठरपणा) डेटाशीटवर ४० गिगापास्कलच्या आसपास असतो, कारण तिथे फायबरचं घनफळ ५५ टक्के धरलेलं असतं. हातानं ले-अप, वर नुसता रोलर, व्हॅक्यूम नाही, तर ४० टक्के मिळालं तरी चांगलं. काचेचे ७२ आणि रेझिनचे ३ धरून मिश्रणाचा नियम लावा: ३० ते ३१ गिगापास्कल. सरळ पंचवीस टक्के घट. मॉडेलमध्ये ४० भरू नका.

दुसरं म्हणजे सीजी. तो २५ टक्के कॉर्डवर किंवा पुढे हवा, नाहीतर फ्लॅप-टॉर्शन फ्लटरचं (वाकणं आणि पीळ मिळून वाढत जाणाऱ्या थरथरीचं) दार उघडं राहतं. त्यासाठी नाकात पितळी रॉड टाकतात. ६ मिमीचा रॉड मीटरला २४० ग्रॅम भरतो. तो अगदी पुढे सरकवू म्हणाल तर जागाच नाही: ९० मिमी कॉर्डच्या ००१२ ची नाकाची त्रिज्या जेमतेम १.४ मिमी. वरखाली १.२ मिमी स्किन सोडून ६ मिमी मोकळे मिळतात ते नाकापासून ९ मिमी मागे, म्हणजे दहा टक्के कॉर्डवर. मॉडेलमध्ये रॉडचं केंद्र तिथेच ठेवा. मग बाकीच्या ५१० ग्रॅमचा सीजी ३२ टक्क्यांच्या मागे जाता कामा नये, एवढी सीमा आखली जाते.

आणि ती सीमा मोडतो फोम. बंद पेशींचा नसेल किंवा घासल्यावर पृष्ठ उघडा राहिला असेल तर रेझिन पितो. लेप लावण्याआधी फोमवर रेझिन आणि मायक्रोबलूनची (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची) पातळ पुट्टी फिरवून बंद करायचा. खात्रीसाठी पहिलं ब्लेड बळी द्यायचं: मधला ५० मिमीचा काप कापून सोनाराच्या काट्यावर तोला. ३७.५ ग्रॅम यायला हवा. मग सुरीच्या धारेवर कॉर्डच्या दिशेनं तोलून सीजीची रेघ मारा. समजा तीन ग्रॅम जास्त भरला आणि ते ६० टक्के कॉर्डच्या आसपास मुरलेत: सीजी अडीच टक्क्यांहून जास्त, म्हणजे साधारण २.३ मिमी मागे गेला. कापलेल्या तोंडावर फोमच्या कडेला काचेसारखी चकाकणारी रेघ दिसली तर तेच मुरलेलं रेझिन. तिची जाडी मोजा, मॉडेलमध्ये थर म्हणून घाला.

कलाभवन_मेकॅनिकल

कापाची कल्पना फार आवडली, दादा. पण एक शंका. ब्लेड दोरीसारखं ताणलेलं असेल, तर ईआय पंचवीस टक्के इकडेतिकडे झाल्यानं एवढं काय बिघडतं? काठकाकांच्याच हिशोबानं सगळं सेंट्रिफ्युगलवर आहे.

विश्वामित्री_काठ

पहिल्या फ्लॅपला (वरखाली कंपनाचा पहिला प्रकार, म्हणजे मोड) काही बिघडत नाही, दुसऱ्याला बिघडतं. करून दाखवतो.

साउथवेलचं सूत्र: फिरताना फ्रिक्वेन्सीचा वर्ग बरोबर न फिरतानाचा वर्ग अधिक एक गुणक गुणिले आरपीएमचा वर्ग (सगळं रेडियनमध्ये). ईआय ४० न्यूटन-मीटर वर्ग धरा, मोकळी लांबी १.०५ मीटर. न फिरताना पहिला फ्लॅप २३.३ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ३.७ हर्ट्झ; दुसरा १४६. ०.१५ मीटरचा हब धरून गुणक पहिल्याला साधारण १.३४, दुसऱ्याला ७.७.

पहिला: ५४२ अधिक ११९०० च्या आसपास. ईआयचा वाटा चार-पाच टक्के. उत्तर १.१८ प्रति फेरी, आणि ईआय कितीही बदललात तरी तिथेच.

दुसरा: २१३०० अधिक ६८२००. इथे ईआयचा वाटा चोवीस टक्के. उत्तर ३.१७ प्रति फेरी. दांडियाबाजारच्या खऱ्या मटेरियलनं ईआय पंचवीस टक्के उतरवा: ३.०८. तीनच्या दारात, म्हणजे अनुनादाच्या जवळ. हबचा ०.१५ मीटर विसरलात तर ४० च्या ईआयलाच २.९७ येतं, म्हणजे रेषेच्या पलीकडे. तिन्ही उत्तरं कॅम्पबेल आकृतीवर (आरपीएमनुसार फ्रिक्वेन्सीचा आलेख) एकमेकांना चिकटून दिसतात, पण डिझाइनच्या दृष्टीनं त्यांचा अर्थ वेगळा आहे.

निव्वळ हॉवरमध्ये ३ प्रति फेरीचं बळ क्षीण असतं. पण उघड्यावर स्टँड असेल आणि आडवा वारा लागला, किंवा शेडमध्ये हवा गोल फिरून परत रोटरवर आली, की ते जागं होतं. आरपीएम ७०० केला तर हाच दुसरा फ्लॅप ३.४१ वर जातो, कमी ईआयला ३.२६. म्हणजे वेग उतरवून सुटता येतं, पण थ्रस्ट ४० टक्के जाईल. त्यापेक्षा स्पारला एक थर वाढवा, किंवा दुसऱ्या मोडच्या पोटाशी वजन ठेवून पाहा. यासाठीच बीम मॉडेल: असे शंभर पर्याय दुपारभरात होतात.

मांडवी_मेश

तुमचा कोड किंवा सॉल्व्हर बरोबर आहे की नाही हे तपासायला दोन आकडे जवळ ठेवा. एकसारखा कॅन्टिलिव्हर बीम, हब त्रिज्या शून्य: न फिरताना मितिहीन (एकक नसलेल्या) फ्रिक्वेन्सी ३.५१६ आणि २२.०३४. मितिहीन आरपीएम १२ असताना १३.१७० आणि ३७.६०३. दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलंच पाहिजे. मग चौरस सेक्शन घेऊन लॅगची (फिरण्याच्या प्रतलात मागेपुढे होणाऱ्या कंपनाची) फ्रिक्वेन्सी पाहा: फ्लॅपच्या वर्गातून आरपीएमचा वर्ग वजा केला की लॅगचा वर्ग यायला हवा, १२ ला ५.४३. नाही आला तर स्पिन सॉफ्टनिंग (फिरण्यानं घटणारा ताठरपणा) हिशोबात नाही.

कॅलक्युलिक्स (एफईएम सॉल्व्हर) वापरणाऱ्यांसाठी: सेंट्रिफ लोडमध्ये रेडियन प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग द्यायचा असतो. ९४.२५ नाही, ८८८३. आधी नॉनलिनिअर स्टॅटिक स्टेप, मग फ्रिक्वेन्सीच्या स्टेपला पर्टर्बेशन. ते विसरलात तर थांबलेल्या ब्लेडच्या फ्रिक्वेन्सी मिळतील आणि संगणक चकार शब्द काढणार नाही. मिलिमीटरमध्ये काम असेल तर घनता टनात: काच-इपॉक्सीला १.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात.

ग्वाल्हेर_किल्ला

चाचणी कधी आहे? मे महिन्यात करणार असाल तर हवेची घनता १.२२५ धरू नका. ४२ अंशाला ती १.१२ च्या आसपास. त्याच पीचला थ्रस्ट नऊ टक्के कमी मिळेल, आणि दोष मॉडेलवर जाईल.

सूरसागर_संध्या

किल्ला, अगदी बरोबर. त्याच्या जोडीला जमीन. हब जमिनीपासून एका त्रिज्येवर, म्हणजे १.२ मीटरवर असेल तर चीजमन-बेनेटच्या (जमिनीच्या परिणामाच्या) सूत्रानं थ्रस्ट ६.७ टक्के वाढतो. दोन त्रिज्यांवर १.६ टक्के. उन्हानं घटला आणि जमिनीनं वाढवला, तर दोन्ही मिळून मॉडेल योगायोगानं जुळल्यासारखं दिसेल, हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर रोटर उलटा बसवा, झोत वर जाऊ द्या.

ओपनफोमवाल्या तटासाठी, कारण तेही करायला हवंच, फक्त नंतर: एकच ब्लेड, १८० अंशांचं आवर्ती डोमेन, एमआरएफ (ब्लेड न फिरवता फिरत्या चौकटीत हिशोब), स्थिर सॉल्व्हर. बाजूला पाच त्रिज्या, खाली दहा. याहून लहान ठेवलात तर झोत भिंतीवरून फिरून परत येतो आणि थ्रस्ट हळूहळू घसरत राहतो, कन्व्हर्ज झाल्यासारखा वाटतच नाही. एसएसटी टर्ब्युलन्स मॉडेलला भिंतीलगतचा पहिला सेल टिपशी साधारण तीन मायक्रॉन. व्हॉर्टेक्सच्या गाभ्यावर आडवे किमान दहा सेल हवेत. ते नसले तर व्हॉर्टेक्स पाव फेरीतच विरतो, मागच्या ब्लेडपर्यंत पोचत नाही, आणि मग लाखो सेल वापरून उत्तर बीईएमटीच्या जवळचंच येतं. सीएफडीवर (हवेच्या संगणकी हिशोबावर) पैसे आणि वेळ घालवण्याचं एकमेव कारण तो व्हॉर्टेक्स आहे, तोच विरला तर काय उरलं?

अल्कापुरी_अमेय

थोडं अवांतर: ध्रुव हेलिकॉप्टरचा रोटरही हिंजलेस (मुळाशी बिजागरी नसलेला) आणि कंपोझिट आहे ना? मग रिजिड हब एवढा अवघड का मानतात?

विश्वामित्री_काठ

हो, चार ब्लेडचा हिंजलेस. एचएएलच्या त्या हेलिकॉप्टरचं पहिलं उड्डाण १९९२ चं. पण तिथे मुळाजवळचा भाग मुद्दाम लवचिक केलेला असतो, फ्लॅप आणि लॅग त्यातूनच होतात. इथे कलाभवनच्या हबमध्ये तसं काही नाही, म्हणून मुळाचा मोमेंट थेट बोल्टवर येतो. मॉडेलमध्ये ०.१५ मीटरला पूर्ण पकड धरली आहे. प्रत्यक्षात दोन बोल्टची पकड थोडी ढिली असते आणि न फिरतानाची फ्रिक्वेन्सी उतरते. ब्लेड हबवर बसवून टिपला बोटानं टिचकी मारा, मोबाइलच्या अॅक्सिलरोमीटरवर मोजा. ३.७ हर्ट्झ मोबाइलला सहज दिसतो. कमी आला तर मॉडेलच्या मुळाशी स्प्रिंग घाला आणि आकडा जुळवून घ्या.

दांडियाबाजार_रेझिन

बोल्टसाठी नुसतं भोक पाडू नका. यूडीचे रोव्हिंग (धाग्यांचे जुडगे) बुशभोवती वळवून परत स्पारमध्ये न्या. भोक पाडलेल्या लॅमिनेटवर ४७०० न्यूटन दिले तर यूडीचे धागे बोल्टच्या मागे फाटून निघतात. मॉडेलमध्ये हा भाग तरी सॉलिड एलिमेंटमध्ये करा, इथे बीम काहीच सांगत नाही.

कलाभवन_मेकॅनिकल

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही तटांना वाचून दाखवलं. आता ठरलेला क्रम असा: कॅरॅडोना-तुंगवर बीईएमटी आणि डस्ट, मग आपला रोटर दोन्हींत. सेक्शन शेलमध्ये, ई ३० धरून, मध्यपृष्ठाच्या ऑफसेटसह. बीमवर कॅम्पबेल आकृती, दुसरा फ्लॅप ३.३ च्या वर नेईपर्यंत स्पारचे थर बदलणार. मूळ सॉलिड एलिमेंटमध्ये. ओपनफोम पुढच्या टप्प्यात. मोल्डची ऑर्डर तोवर थांबवली आहे.

मांडवी_मेश

मोल्ड थांबवायची गरज नाही. बाहेरचा आकार ००१२ च राहणार, थर आतले बदलणार. प्रोफाइल आणि कॉर्ड डस्टमधून एकदा पक्के झाले की मोल्ड कापायला द्या. त्यातून पहिलं निघेल ते कापायचं ब्लेड. फक्त स्पारचा थर वाढवाल तेव्हा ६ मिमीच्या रॉडला जागा उरते का, ते परत मोजा.

ग्वाल्हेर_किल्ला

आणि स्टँडला पिंजरा. पूर्ण वेगाला एका ब्लेडमध्ये १९०० ज्यूल असतात. एक सुटलं की दुसऱ्याचे ४७०० न्यूटन एकतर्फी स्टँडला ओढतात, तेव्हा स्टँडचे पायाचे बोल्ट त्या आकड्यावर काढा, २७ किलोवर नाही.